खालची हवा

"अय बाई, मागं सर! पदराला काय बांधलंय ते? सोड आधी."

गोजरबाईनं पदराची गाठ चाचपली. "चार फुटाणे हाईत बाबा. ते पडून काय व्हनार?"

"फुटाणे असू दे न्हाई तर रेवड्या. काठावर यायचं तर पदर मोकळा पाह्यजे. चल, जल्दी सर मागं."

फुटाण्यांवरून एवढा चिडणारा माणूस म्हातारीनं जन्मात पाहिला नव्हता. पण ती मागं सरली. डोक्यावरची घागर तिनं लिंबाखाली टेकवली आणि तिथंच बसली. नदीच्या वाळूत झिरा उकरून, वाटीवाटीनं भरलेलं पाणी होतं ते. उजाडायच्या आत निघालेल्या गावातल्या बाया आता अशाच एकेक घागर घेऊन परतत होत्या आणि घरी जायच्या आधी विहिरीपाशी थांबून एकच गोष्ट विचारत होत्या.

"लागलं का?"

"लागंल, लागंल," पाशामियाँ म्हणायचा आणि पुन्हा दोराकडे वळायचा.

निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली होती, आणि त्यातली शेवटची दोन पावसानं कोरडीच काढली होती. जाफराबादच्या वरच्या अंगाला, माळावर वसलेल्या या गावाला विहीर एकच. तिचा तळ फाल्गुनातच उघडा पडला. ती आणखी खोल करायला गावानं चौघांची टोळी बोलावली होती. खाली उतरून खडक फोडणारा धर्मराज, भरलेलं टोपलं वर ओढणारी त्याची बायको तुळजाबाई आणि धाकटा भाऊ मच्छिंद्र, आणि अगदी काठावर, राहाटाशेजारी बसून दोर सांभाळणारा पाशामियाँ.

दोर राहाटावरून खाली जायचा. त्याचा एक वेढा जमिनीत पुरलेल्या खुंटाला असायचा आणि वेढ्यापाशी पाशामियाँचा तळहात. माणूस उतरवायचा असो की टोपलं, त्याच्या हातून दोर असा सुटायचा की खालच्याला पाण्यात उतरल्यासारखं वाटावं. रोज सकाळी काम सुरू होण्याआधी तो विहिरीचा काठ स्वतः झाडून काढायचा. माती ढासळू नये म्हणून ओलं फडकं फिरवायचा. चपला लांब, पागोटं लांब, कमरेचा चुना-तंबाखूचा बटवासुद्धा लांब. लोक हसायचे. तो हसायचा नाही.

त्याचा बाप विहिरीत मेला होता. बुडून नव्हे. वरून एक खडा सुटला होता, आवळ्याएवढा. बाप काठावर असताना कुणी तो खडा त्याच्याकडे टाकला असता, तर त्यानं सहज झेलून खिशात टाकला असता. पण तळापर्यंत पोचता पोचता त्या खड्यात कुठून कोण जाणे इतका जोर शिरला की बापाची टाळू फुटली. पाशा तेव्हा जवान पोरगा होता, वर दोरावर. त्यानंतर तो कधी कुठल्या विहिरीत उतरला नाही, आणि त्याच्या राहाटाखाली काम करणाऱ्याच्या अंगावर कधी काही पडलं नाही.

धर्मराज त्याच्याच दोरावर खाली जायचा. दुसऱ्या कुणाच्या नाही. रझाकारांच्या गडबडीच्या साली धर्मराजच्या भावकीनं त्याला बजावलं होतं, मुसलमानाच्या दोराला लटकू नको, कवा हात सोडंल सांगता येत न्हाई. धर्मराज दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा उतरला. पुढं वारं उलटं फिरलं तेव्हा पाशामियाँ आणि त्याची बायको सुगराबी धर्मराजच्या खोपटात पंधरा दिवस राहिले. तुळजाबाईनं दोघांना भाकरी दिली आणि दारात आलेल्यांना सांगितलं, "घरात कुनी न्हाई, माज्या सासऱ्याला देवी आल्यात." तिला सासरा नव्हताच. या गोष्टी त्या चौघांत पुन्हा कधी बोलल्या गेल्या नाहीत.

त्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे कंदील खाली सोडला होता. आदल्या दिवशी दुपारी सुरुंग उडवला होता, धूर रात्रभरात निघून गेला होता. कंदील तळाच्या सपाट खडकावर टेकला आणि बराच वेळ जळत राहिला. मग धर्मराज उतरला. सुरुंगानं एका कोपऱ्यात कमरेइतका खड्डा पाडला होता. फुटलेल्या दगडांची टोपली भरभरून वर येऊ लागली.

"पाशाभाई!" खालून आवाज आला. "हितली माती वली लागून राह्यलीय!"

"किती वली?"

"लाडू वळता येतोय!"

लिंबाखाली बसलेल्या बाया एकदम बोलायला लागल्या. तुळजाबाई दोर धरल्या धरल्या हसली. धर्मराज पुढं म्हणाला, "एक धोंडा हाय मधी. पहार घालून उचकटतो."

पहारीचे घाव ऐकू येऊ लागले. खण, खण. मग एक बोथट आवाज, धोंडा हलल्यासारखा. मग काही नाही.

पाशामियाँ थांबला. खालचा माणूस दम खातो, घाम पुसतो, त्याची शांतता वेगळी असते. त्यानं वाकून पाहिलं. धर्मराज खड्ड्याच्या कडेला गुडघ्यांवर होता. डोकं आत. ओंजळीनं पाणी पिणाऱ्या माणसासारखा.

"धर्मा!"

विहिरीनं त्याचाच आवाज परत दिला.

"अय धर्मा! धर्मराज!"

तुळजाबाईच्या हातातून दोर गळाला. "काय झालं ओ? का बोलंनात?"

मच्छिंद्र तोवर राहाटापाशी पोचला होता. त्यानं दोराला दोन्ही हात घातले. पाशामियाँनं त्याच्या कमरेला मिठी घातली आणि दोघं काठापासून मागं, धुळीत पडले.

"सोड चाचा! भाऊ हाय माजा!"

"अन् माजा कोन हाय रं? खाली हवा खराब झालीय. तू गेला तर तूबी तसाच पडशील. मंग तुला काढायला तिसरा जाईल."

मच्छिंद्रनं त्याच्या तोंडावर मारलं. पाशामियाँनं मिठी सोडली नाही. ओठातून रक्त येत असताना तो ओरडला, "कंदील सोडा कुनीतरी! कंदील सोडा, याला दावा!"

कंदील खाली गेला. अर्ध्यापर्यंत ठीक होता. मग ज्योत बारीक झाली, निळसर झाली, आणि धर्मराजच्या पाठीपासून पुरुषभर उंचीवर कुणी फुंकर मारल्यासारखी विझली. सगळ्यांनी पाहिलं. सुरुंगाची जी घाण हवा रात्रभर खडकाच्या भेगांत कोंडून राहिली होती, तिला पहारीनं वाट करून दिली होती. विझलेला कंदील तसाच लोंबत राहिला. मच्छिंद्रनं झटापट सोडली.

"मंग काय करायचं?" तो म्हणाला. "चाचा, काय करायचं?"

पाशामियाँ उठला. त्याचा चेहरा मातीसारखा झाला होता. गावातली माणसं धावत आली होती, काठाभोवती दाटी झाली होती, कुणाच्या पायात चपला होत्या, कुणाच्या खांद्यावर कुऱ्हाड. त्यानं कुणाला मागं सर म्हटलं नाही.

"लिंबाचा पाला तोडा," तो म्हणाला. "फांद्या तोडा, जेवढ्या मोठ्या मिळतील तेवढ्या. घराघरातून वाकळा आना. अन् पानी."

एकानं शेजारचा दगड उचलला. "दगड टाकून पाहू का? हवा फुटंल, न्हाई तर आवाजानं तरी शुद्धीवर येतील."

"हात तोडीन!" पाशामियाँ किंचाळला. "दगड टाकला तर दगड खाली जातो, हवा जागच्या जागी ऱ्हाती. काहीतरी रुंद पाह्यजे. हवेला आडवं पडंल असं, तिला ढकलत जाईल असं."

आयुष्य विहिरीच्या काठावर काढलेला माणूस तो. दोराकडे लक्ष ठेवून बसल्या बसल्या त्यानं कबुतराचं पीस खाली जाताना पाहिलं होतं, शंभर मोजले तरी न पोचणारं. रिकामं टोपलं वेगानं सोडलं की विहिरीतून वर येणारा वाऱ्याचा झोत त्यानं हजारदा तोंडावर घेतला होता. याच्यावर त्यानं कधी विचार केला नव्हता. आता तो विचार करत होता, आणि करायला वेळ नव्हता.

पाल्याचे भारे आले. त्यानं ते मोकळे करून सोडायला लावले. पानं गरगरत, तरंगत, अतोनात सावकाश खाली गेली. काही भिंतींना चिकटली. काही धर्मराजच्या पाठीवर बसली. तो हलला नाही.

"अवो!" तुळजाबाई काठावर पालथी पडून हाका मारत होती. "अवो, मान वर करा! नुसती मान वर करा की! वरली हवा चांगली हाय, थोडं वर या!"

पाशामियाँनं पुन्हा पाणी मागितलं तेव्हा सगळे एकमेकांकडे बघू लागले. गावात पाणी होतं कुठं? गोजरबाई उठली. लिंबाखालची घागर तिनं कमरेवर घेतली आणि काठाशी आली.

"घे," ती म्हणाली.

"धार नका सोडू, मावशी. धार दगडावानी खाली जाती. शिंपडा. पावसागत पडू द्या."

म्हातारी ओंजळीनं पाणी शिंपडू लागली. मग दुसरी बाई आली, मग तिसरी. पहाटेपासून डोक्यावरून वाहून आणलेलं पाणी बाया ओंजळी-ओंजळीनं विहिरीत उधळत होत्या. लेकरं आयांचे पदर ओढत होती, पाण्याकडे बघत होती. थेंब उन्हात चमकत खाली जायचे आणि अंधारात दिसेनासे व्हायचे.

कंदील पुन्हा पेटवून सोडला. पुन्हा विझला.

तोवर कुऱ्हाडवाल्यानं लिंबाची एक अख्खी फांदी तोडून आणली होती, विहिरीच्या निम्म्या तोंडाला पुरेल एवढी. पाशामियाँनं तिच्यावर एक वाकळ पसरून चारी कोपरे बांधले, बुडाला दोर आवळला आणि दोर मोजून एका जागी गाठ मारली. त्या गाठीच्या पुढं दोर गेला असता तर फांदी धर्मराजच्या पाठीवर आदळली असती. मग त्यानं खुंटाचा वेढा काढून टाकला.

"चाचा, वेढा राहू दे," मच्छिंद्र म्हणाला. "हात जातील."

"वेढा ठेवला तर हळू जाईल. हळू गेली की हवा बाजूनं निसटती. जोरात पडू दे."

त्यानं फांदी सोडली. ती घों करत खाली गेली. दोर त्याच्या मुठींतून सळसळत धावला आणि गाठ आली तेव्हा त्यानं सगळ्या अंगानिशी मागं रेलून तो आवळला. फांदी धर्मराजच्या पाठीच्या वीतभर वर थांबली. त्याच क्षणी विहिरीतून एक कुबट, सुरुंगाच्या दारूचा वास असलेला झोत वर आला आणि वाकलेल्या माणसांच्या तोंडावर आदळला. लोक खोकत मागं सरले.

"हीच हाय ती!" पाशामियाँ ओरडला. "वडा वर! पुन्हा!"

मच्छिंद्र आणि गावची माणसं फांदी वर ओढायची. पाशामियाँ ती सोडायचा. दोर धावायचा, तो आवळायचा. पुन्हा वर. पुन्हा खाली. पहिल्या काही वेळा त्याला काही जाणवलं नाही. मग तळहातांवर आग पेटल्यासारखं झालं. मग दोर ओला लागू लागला. सुगराबीनं भाकरी बांधून दिलेला रुमाल त्यानं एका हाताला गुंडाळला, तो दोन फेऱ्यांत फाटून गेला. कुणीतरी म्हणालं, "मला द्या मियाँ, मी सोडतो," पण त्यानं मान हलवली. वीतभराचा प्रश्न होता. त्या वीतभरात त्याला दुसऱ्या कुणाचा भरवसा नव्हता.

"अवो, आयकून ऱ्हायला ना?" तुळजाबाईचा आवाज आता घोगरा झाला होता. "लाडू वळला म्हनला ना तुम्ही? दावा की मला. वर या अन् दावा."

कंदील. विझला. पण या वेळी आणखी खाली जाऊन विझला.

पुन्हा फांदी. लिंबाची पानं झडून गेली होती, उघड्या काड्यांवर वाकळ तेवढी फडफडत होती. दोराचा रंग बदलला होता. ऊन माथ्यावर आलं होतं, आणि काठावर बोलत होती ती एकटी तुळजाबाई.

कंदील खाली गेला. ज्योत बारीक झाली, थरथरली. निळी झाली. कंदील तळाच्या खडकावर टेकला, तरी ती जळत राहिली.

"जळून राह्यला!" मच्छिंद्र म्हणाला आणि दोराकडे झेपावला. पाशामियाँनं त्याच्यापुढं आपले दोन्ही हात उघडे केले. तळहातांना कातडी उरली नव्हती. बोटं मिटत नव्हती.

"मला आता दोर धरवत न्हाई," तो म्हणाला. "माझ्या हातून तू सुटशील. तू वर थांब, बेटा. मी जातो."

"तुम्ही कवा उतरलात आजवर?"

"न्हाई उतरलो. बांध मला."

मच्छिंद्रनं त्याच्या काखेतून दोर घेतला. खुंटाला पुन्हा वेढा पडला. पाशामियाँनं डोळे मिटले आणि काठावरून पाय सोडले. दगडी भिंत त्याच्या खांद्याला घासत वर जाऊ लागली. वरचे आवाज मागं पडले, फक्त तुळजाबाईचा आवाज बराच खालपर्यंत त्याच्यासोबत आला. मग पायांना पाला लागला.

खाली गारवा होता. डोकं लगेच जड झालं, कानात घंटा वाजू लागल्या. त्यानं श्वास आखडला आणि कोपरं धर्मराजच्या काखांत घालून त्याला मागं ओढलं. धर्मराज सहज आला, झोपलेल्या माणसासारखा. अंग ऊन होतं. गालाला माती लागली होती. पाशामियाँनं आपला गाल त्याच्या तोंडाजवळ नेला. पण त्याचाच श्वास भात्यासारखा चालला होता. दुसऱ्याचा आहे की नाही, काही कळेना.

"धर्मा, मी हाय. मी आलो खाली," तो म्हणाला.

स्वतःच्या अंगावरचा दोर उतरवून त्यानं तो धर्मराजच्या काखांखालून घातला, गाठ मनगटांनी ओढली आणि दातांनी आवळली. वर हाक दिली. दोर ताणला. धर्मराजचे पाय जमिनीवरून सुटले, त्याच्या छातीसमोरून गेले, डोक्यावरून गेले. तळव्यांची माती त्याच्या तोंडावर पडली. त्यानं ती पुसली नाही. वरच्या उजेडाच्या गोल तुकड्यात ते अंग लहान लहान होत गेलं आणि मग वरच्या हातांनी ते काठावर ओढून घेतलं.

पाशामियाँ भिंतीला टेकून उभा राहिला. वरून तुटक आवाज येत होते. पाठीवर निजवा. बाजूला व्हा, वारा येऊ द्या. छाती चोळा. कांदा फोडून लावा नाकाला. तुळजाबाई अजून हाका मारत होती. तोवर सगळं ठीक होतं. ती हाका मारत होती म्हणजे आशा होती. तो तिच्या आवाजाला धरून उभा होता.

मग ती गप्प झाली.

त्यानं वर पाहिलं.  आणि मग तिनं जो हंबरडा फोडला तो विहिरीत शिरला आणि भिंतींवर आपटत आपटत त्याच्यापर्यंत आला.

तो खाली बसला. बसताना आधारासाठी हात टाकला तो खड्ड्यात उभ्या राहिलेल्या पहारीवर. कोपराच्या रेट्यानं पहार कलली, तिच्याखालचा धोंडा निसटला, आणि त्याच्या मांडीला काहीतरी गार लागलं. आधी त्याला वाटलं आपलं रक्त असेल. मग त्यानं पाहिलं. धोंड्याखालून बोटभर जाडीचा झरा उसळत होता. गढूळ, राखाडी. बघता बघता खड्डा भरला आणि पाणी पाल्याखालून पसरू लागलं.

पाणी लागलं की खालच्यानं ओरडायचं असतं. सगळं गाव त्या ओरडण्याची वाट बघत बसलेलं असतं. बाया हळदकुंकू घेऊन धावतात, कुणी गूळ वाटतं. पाशामियाँनं तोंड उघडलं आणि मिटलं. वर ती रडत होती. पाणी घोट्यापर्यंत आलं, पोटरीपर्यंत आलं. तो दगडावर उभा राहिला. दोर परत खाली आला तेव्हाही त्यानं काही सांगितलं नाही.

त्याला वर काढलं तेव्हा उन्हानं त्याला दिसेना. मच्छिंद्र राहाटाला कपाळ लावून उभा होता. लिंबाखाली तुळजाबाई धर्मराजचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिचं रडणं थांबलं होतं. बाया रिकाम्या घागरी घेऊन जरा अंतरावर उभ्या होत्या.

पाशामियाँ तिच्यापुढं जाऊन उभा राहिला.  तुळजाबाईनं त्याच्या हातांकडे पाहिलं. मग तिची नजर खाली गेली. त्याचा पायजमा गुडघ्यापर्यंत भिजला होता आणि पायांभोवतीची धूळ काळी होत होती.

"लागलं?" तिनं विचारलं.

त्यानं मान डोलावली.

ती धर्मराजच्या केसांतलं लिंबाचं एकेक पान वेचत राहिली. मग मान वर करून बायांना म्हणाली, "मंग उभ्या का ऱ्हायल्या? पानी लागलंय म्हनत्यात. भरा. लेकरं तान्हेली असतील."

कुणीच हललं नाही. गोजरबाईनं पदर तोंडाला लावला.

"बरं, पह्यलं हिकडं आना," तुळजाबाई म्हणाली. "ह्यांचं तोंड धुवायचंय. दगडाचा भुगा बसलाय सगळा."

मच्छिंद्रनं पोहरा सोडला. पाण्याला टेकल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. त्यानं तो ओढून घेतला आणि लिंबाखाली आणून एका परातीत ओतला. पाणी राखेसारखं होतं.

"गढूळ हाय वहिनी," तो म्हणाला.

"बसंल खाली. थांबा जरा."

तिनं परात जवळ ओढली, पदराचं टोक हातात घेतलं आणि वाट बघत बसली. आधी खडकाची जाड रेव तळाला गेली. मग बारीक माती, हळूहळू, दिसेल न दिसेल अशी. गावातली माणसं, तहानलेली लेकरं, पाशामियाँ, सगळे परातीभोवती उभे राहिले. वरचं पाणी बोटभर निवळलं तेव्हा तिनं त्यात पदर बुडवला.